निर्दोषतेचा आग्रह आणि फलाची आसक्ती

फलाची इच्छा न धरता कर्म करावे, हा उपदेश आपल्या देशात इतका सर्वपरिचित आहे की त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज फारशी कोणास वाटत नाही. परंतु जो मनुष्य स्वतःच्या हाताने काही वस्तू घडवितो, त्याच्यापुढे हा उपदेश एक खरी अडचण उभी करतो. दाराची चौकट काटकोनात बसावी, असे ज्या सुतारास मनापासून वाटत नाही त्याला कोणी सुतार म्हणणार नाही. मडके पाझरू नये, ही कुंभाराची इच्छा असतेच. किंबहुना ती नसेल तर त्याच्या चाकाला अर्थ उरत नाही. मग काम निर्दोष उतरावे ही उत्कट इच्छा, हीदेखील फलाचीच इच्छा नव्हे काय? ती तशी असेल, तर निष्काम कारागीर हा निष्काळजी कारागीर ठरेल. ती तशी नसेल, तर या दोन इच्छांमधील सीमा कोठे आहे, हे दाखविता आले पाहिजे.

युद्ध, राज्यकारभार, लोकसेवा अशी मोठी उदाहरणे घेतली की हा प्रश्न अंधुक होतो. कारण तेथे परिणाम अनेकांच्या हातांत असतो, आणि यश कोणाचे, अपयश कोणाचे, हे निवडणे कठीण जाते. म्हणून एक अगदी लहान उदाहरण घेणे सोयीचे होईल. क्रोशाच्या आकडीने अनेक रंगांच्या लोकरीचा चौकडीचा गळपट्टा विणणे, हे असे एक काम आहे. ते एकाच व्यक्तीच्या दोन हातांत सुरू होते व तेथेच संपते. त्यात दोष राहिला तर दैवाला किंवा दुसऱ्या कोणाला बोल लावण्यास जागा नसते.

कामाचे स्वरूप

दोन सुयांच्या विणकामात एका ओळीतील सर्व टाके सुईवर उघडे राहतात. क्रोशात तसे नाही. तेथे आकडी एकच असते, आणि एक टाका पुरा झाला की तिच्यावर एकच जिवंत फास उरतो. मागचा प्रत्येक टाका पुढच्या टाक्याने बांधलेला असतो आणि साऱ्या कामाचा शेवट त्या एका फासावर येऊन थांबतो. तो फास आकडीवरून निसटला आणि कोणी धागा ओढला, तर तासाभराचे काम क्षणार्धात सरळ धागा होऊन पुढ्यात पडते.

मागावर चौकडी स्वाभाविकपणे साधते, कारण उभे आणि आडवे धागे तेथे एकमेकांना छेदीतच असतात. स्कॉटलंडमधील टार्टन नावाच्या प्रसिद्ध लोकरी कापडात तीन रंगांचे धागे उभे व आडवे त्याच क्रमाने लावले, तर कापडावर सहा छटा दिसतात : तीन शुद्ध, आणि दोन-दोन रंगांच्या मिश्रणाच्या तीन. क्रोशाजवळ माग नाही. म्हणून तेथे चौकडी दोन टप्प्यांनी साधावी लागते. प्रथम एक लांब साखळी घालावयाची. तिच्यावर एक खांब, एक साखळी, खालचे एक घर सोडून पुन्हा खांब, अशा रीतीने चौकोनी छिद्रांची जाळी विणावयाची. पुढच्या प्रत्येक ओळीत खांबावर खांब आला पाहिजे. ठराविक ओळींनंतर लोकरीचा रंग बदलला की आडवे पट्टे तयार होतात. जाळी पुरी झाल्यावर छिद्रांच्या प्रत्येक उभ्या रांगेतून, खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत, निराळ्या लोकरीची साखळी आकडीने ओढून घ्यावयाची. या उभ्या साखळ्यांचे रंगही त्याच क्रमाने बदलत गेले म्हणजे चौकडी उमटते.

या दुसऱ्या टप्प्याचे कार्य केवळ शोभेचे नाही. नुसत्या जाळीतून वारा सरळ आत शिरतो. उभ्या साखळ्यांनी तिची छिद्रे बुजतात, वस्त्र जाड होते आणि दोन थरांमध्ये हवा अडकून राहते. लोकरीची ऊब पुष्कळशी या अडकलेल्या हवेचीच असते. म्हणजे पाहणारा जिला नक्षी म्हणतो तीच वस्तुतः थंडीची निवारणकर्ती आहे. सौंदर्य आणि उपयोग येथे वेगळे काढताच येत नाहीत.

समजा, नोकरीनिमित्त शिमल्यास राहणाऱ्या भाच्यासाठी एखादी मावशी असा गळपट्टा विणावयास घेते. तपकिरी, गर्द हिरवा आणि दुधी असे तीन रंग तिने निवडले आहेत. तिच्या हाताला इंचास दोन छिद्रे बसतात. म्हणून चोवीस इंचांच्या घेराला तिने ४८ छिद्रे धरली आहेत. बारा छिद्रांचा एक रंगक्रम केला की त्याची चार आवर्तने बरोबर पुरी होतात, आणि दोन्ही टोके जोडून गळपट्टा बंद केला असता सांध्यावरही चौकडी अखंड जुळते. उंची दहा इंच. तिला ओळी वीस. वीसही ओळी विणून झाल्यावर ती उभ्या साखळ्या घालू लागते, आणि वरच्या कडेला छिद्रे ४७च भरतात. शोध घेता पाचव्या ओळीत एक खांब गळलेला आढळतो. तेथून पुढची प्रत्येक ओळ एका छिद्राने उणी आहे. वस्त्राची एक कड तिरपी होणार, सांधा ओढला जाणार आणि मानेशी चुण्या पडणार, हे तिला दिसते.

आता तिच्यापुढे दोन मार्ग आहेत. सोळा ओळी, म्हणजे साडेसातशेच्या आसपास छिद्रे उसवून पाचव्या ओळीपासून पुन्हा आरंभ करावयाचा. अथवा सांधा मानेच्या मागे येईल अशी योजना करून, कोटाची कॉलर त्यावर पडेल या भरवशावर, काम तसेच पुढे न्यावयाचे. या क्षणी तिच्या मनात जे घडते त्यातच प्रस्तुत प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे.

साध्य आणि फळ

उसवताना तिला दुःख होते ते कशाचे? वस्त्र बिघडल्याचे ते दुःख नव्हे. उसवल्याने वस्त्र तर सुधारणार आहे. दुःख होते ते ‘माझे श्रम फुकट गेले’ याचे. म्हणजे झालेले श्रम ही तिने आपली मिळकत मानलेली असते, आणि ती मिळकत सोडवत नाही. फलाची आसक्ती नेहमी पुढे, भविष्याकडेच पाहते, असा सामान्य समज आहे. परंतु ती मागेही पाहते. केलेल्या कर्माचा हिशेब मांडून ते आपल्या नावावर जमा धरणे, हेही फळ खाणेच होय. चुकीच्या व्यापारात घातलेले पैसे सुटत नाहीत म्हणून आणखी पैसे घालणारा व्यापारी, आणि चुकलेली ओळ सुटत नाही म्हणून तिच्यावर आणखी ओळी रचणारी विणकरीण, या दोघांचे बंधन एकच आहे.

उलटपक्षी, वस्त्र नीट व्हावे ही तिची इच्छा या हिशेबाच्या बाहेरची आहे. तीच इच्छा तिला उसवावयास सांगते. येथे दोन इच्छा केवळ भिन्न नसून परस्परविरुद्ध उभ्या आहेत. एक म्हणते, श्रम राख. दुसरी म्हणते, वस्तू राख. निर्दोषतेचा आग्रह जर फलासक्तीचाच प्रकार असता, तर हा झगडा उत्पन्नच झाला नसता. तो उत्पन्न होतो, यावरूनच त्या दोहोंचे मूळ निराळे आहे हे सिद्ध होते.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्रात ‘करणे’ आणि ‘बनविणे’ यांत भेद केला आहे. त्याच्या मते चांगले आचरण हे स्वतःच स्वतःचे साध्य असते. बनविण्याच्या क्रियेचे साध्य मात्र त्या क्रियेच्या बाहेर, बनलेल्या वस्तूत असते. हा भेद येथे उपयोगी पडतो. गळपट्टा ऊबदार व्हावा, डोक्यावरून सहज उतरावा, धुतल्यावर सुटू नये, हे विणण्याचे साध्य आहे. ते कर्माचेच अंग असून त्यावाचून कर्माला दिशा राहत नाही. ‘मावशीचा हात किती सुबक’ असे चारचौघांनी म्हणावे, भाच्याने उपकार स्मरावेत, आपल्या मायेची पोच मिळावी, हे फळ आहे. ते कर्माचे अंग नसून कर्त्याचा लाभ आहे. साध्य वस्तूला चिकटलेले असते. फळ कर्त्याला चिकटते. त्याग सांगितला आहे तो दुसऱ्याचा. पहिल्याचा त्याग केला तर ते कर्मच राहणार नाही, नुसता हातांचा चाळा राहील.

हा भेद पुस्तकी नाही, याला इतिहासाची साक्ष आहे. १९६२ साली चिनी आक्रमणाच्या काळात देशभर घरोघरी स्त्रियांनी हिमालयातील जवानांसाठी लोकरी कपडे विणले. ज्या हातांनी ते विणले त्यांना ते कोणाच्या अंगावर पडणार हे कधीच कळणार नव्हते, आणि ज्याच्या अंगावर पडले त्याला विणणारीचे नाव माहीत होण्याचा संभव नव्हता. आभार, स्तुती, स्मरण, या सर्वांची वाट तेथे बंद होती. तरीही, किंबहुना त्यामुळेच, बाही लांबीला उणी राहू नये याची काळजी घेण्यासारखी होती. कारण उणी राहिली तर ती दुरुस्त करावयास मागे कोणी नव्हते. फळ शून्य असताना साध्याची चाड पूर्ण असू शकते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधावयास नको.

वस्त्राच्या दोन बाजू

तथापि मनुष्याचे मन स्वतःलाही फसविते. स्तुतीसाठी उसवणारी स्त्रीही ‘मी केवळ काम नीट व्हावे म्हणून उसवते’ असेच म्हणेल. मग खरे कोणते, हे ओळखण्याची खूण काय? ती खूण वस्त्रातच आहे. गळपट्ट्याला दोन बाजू असतात. बाहेरची बाजू जगाकडे असते. आतली बाजू गळ्याला लागते. पाहणाऱ्यांना दिसते ती पहिली. घालणाऱ्याला भोगावी लागते ती दुसरी.

या दृष्टीने दोषांचे तीन वर्ग पडतात. पहिला, दिसणारा परंतु न बोचणारा. लोकर रंगविताना प्रत्येक खेपेची छटा किंचित निराळी उतरते. मधेच हिरवी लोकर संपली आणि नवी दुसऱ्या खेपेची मिळाली, तर एक पट्टा थोडा फिका दिसेल. त्याने ऊब कमी होत नाही. दुसरा, न दिसणारा परंतु बोचणारा. रंग बदलताना धाग्याला आतून मोठी गाठ मारली, तर बाहेरून काहीच कळत नाही. पण ती गाठ दिवसभर गळ्याला घासत राहते. आरंभीची साखळी हात आवळून घातली असेल, तर नक्षी सुरेख दिसूनही वस्त्र डोक्यावरून उतरताना अडते. तिसरा, आज न दिसणारा व न बोचणारा, परंतु उद्या उघडा पडणारा. अनेक रंगांच्या कामात धाग्यांची कितीतरी टोके उरतात. ती प्रत्येक टोके टाक्यांच्या आतून मागे-पुढे फिरवून पक्की करणे हे अत्यंत कंटाळवाणे काम आहे. तसे न करता ती कात्रीने जवळून कापून टाकली, तर गळपट्टा देण्याच्या दिवशी अगदी नेटका दिसतो आणि काही धुण्यांनंतर जागजागी सुटू लागतो.

जिचे चित्त फळावर आहे, ती पहिल्या दोषासाठी जिवाचे रान करील आणि दुसऱ्या-तिसऱ्याकडे डोळेझाक करील. कारण स्तुती बाहेरच्या बाजूची होते आणि ती देण्याच्या दिवशी होते. जिचे चित्त साध्यावर आहे, ती गाठीसाठी उसवील, टोकांसाठी एक संध्याकाळ घालवील आणि फिका पट्टा हसून सोडून देईल. कोणता दोष सहन होतो आणि कोणता होत नाही, एवढे पाहिले की चित्त कोठे गुंतले आहे ते कळते. आणि हे दुसऱ्या कोणास कळत नसले तरी जिचे तिला निश्चित कळते.

यावरून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. निर्दोषतेचा आग्रह कधी कधी अहंकाराचा वेष असतो, हा आक्षेप खरा आहे. फिक्या पट्ट्यासाठी चार-चारदा उसवीत बसल्याने थंडी सरून जाते आणि वस्त्र उन्हाळ्यात पोचते. अशा वेळी वस्त्र घालणाऱ्यासाठी राहिलेले नसून विणणारीच्या कीर्तीसाठी झालेले असते. परंतु या आक्षेपाने निर्दोषता त्याज्य ठरत नाही. तिचे माप कोणी ठरवावयाचे एवढेच ठरते. ते माप घालणाऱ्याच्या गळ्याने ठरवावे, विणणारीच्या मानाने ठरवू नये. उसवण्याचे बळ जसे हवे, तसे थांबण्याचेही बळ हवे. दोन्ही बळे एकाच ठिकाणाहून येतात.

आणि गळपट्टा भाच्याकडे पोचल्यावर त्याने तो पेटीच्या तळाशी टाकला तर? मावशीला वाईट वाटेल. ते वाटू नये असे म्हणणे हे मनुष्यस्वभावाशी कठोर वागणे होईल. परंतु त्या वाईट वाटण्याने तिच्या कर्मात काही उणे येत नाही. वस्त्र ऊबदार करणे तिच्या हातात होते. ते गळ्यात घालणे दुसऱ्याच्या हातात आहे. तिचा अधिकार जेथे संपला तेथे तिचे कर्म पूर्ण झाले.

घेणाऱ्याचा धर्म

येथवरचा विचार करणाऱ्याच्या बाजूचा झाला. तो येथेच थांबविला तर मात्र एक मोठा अन्याय घडण्याचा संभव आहे. सुयांवरच्या विणकामासाठी यंत्रे फार पूर्वी निघाली; इंग्लंडात विल्यम ली याने मोजे विणण्याचे यंत्र १५८९ साली बनविले. क्रोशाचे तसे झाले नाही. क्रोशात प्रत्येक टाक्याला आकडीने तयार वस्त्रातील नेमकी जागा शोधून आत शिरावे लागते, आणि हे काम आजही मनुष्याच्या हातानेच होते. म्हणून बाजारात क्रोशाची खरी वस्तू कितीही स्वस्त मिळाली, तरी तिचा टाका अन् टाका कोणीतरी माणसाने बसून घातलेला आहे, हे गृहीत धरले पाहिजे.

त्र्यंबकेश्वरापाशी उगम पावणारी गोदावरी जेथे समुद्रास मिळते त्या मुखाजवळ, आंध्र प्रदेशाच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात, नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे मिशनऱ्यांनी क्रोशाच्या सुती लेसची कला आणली, आणि पुढे त्या पंचक्रोशीतील हजारो स्त्रिया घरी बसून परदेशी जाणारी लेस विणू लागल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या स्त्रियांवरील आपला ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी दाखविले की या स्त्रिया घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणीत, परंतु ‘या तर गृहिणी, रिकाम्या वेळी हात चालवितात’ असे म्हणून त्यांचे काम हे काम मानलेच जात नसे, आणि मोबदला अत्यंत तुटपुंजा मिळे. नफा मात्र माल बाहेर पाठविणाऱ्यांच्या घरी जाई. २०२४ साली नरसापूरच्या या लेसला भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. गावाच्या नावाला मान मिळाला, हे योग्यच झाले. पण विणणारीच्या हाताला त्याच्या प्रमाणात दाम मिळतो की नाही, हा प्रश्न मानपत्राने सुटत नाही.

‘रिकाम्या वेळचे काम’, ‘मायेचे काम’, ‘सेवा’, हे शब्द करणाऱ्याच्या मुखी शोभतात. तेच शब्द दाम देणाऱ्याच्या मुखी आले की त्यांचा अर्थ फिरतो. फलत्याग हा स्वतःच्या फळाचाच करता येतो. दुसऱ्याच्या फळाचा त्याग जो परस्पर करून टाकतो त्याच्या कृतीला अपहार म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील कित्येक कुटुंबे स्त्रियांनी व मुलींनी विणलेल्या क्रोशाच्या लेसच्या पैशावर तगली. त्या मजुरीची इच्छा धरणाऱ्या मुलीला फलासक्त म्हणण्याचे धाडस कोणता तत्त्वज्ञ करील? तिची मजुरी ही तिच्या घरच्यांची भाकरी होती, आणि ती मिळविणे हे तिचे कर्तव्यच होते. आसक्ती असते ती कर्तव्यापलीकडच्या लाभाची.

घरात हाच दोष सौम्य रूपाने वावरतो. मावशीने विणावे, आईने शिवावे, आजीने गोधडी घालावी, आणि ‘तिला काही अपेक्षाच नसते’ असे म्हणून बाकीच्यांनी तिच्या डोळ्यांच्या व बोटांच्या शिणाकडे पाहूच नये, ही घरोघरची रीत आहे. तिला अपेक्षा नाही, हा तिचा मोठेपणा झाला. त्या मोठेपणावर इतरांनी आपला आळस पोसू नये. देणाऱ्याने विसरावे, घेणाऱ्याने स्मरावे. हे दोन धर्म एकमेकांचे पूरक आहेत, आणि त्यांची अदलाबदल झाली की दोन्ही भ्रष्ट होतात.

निष्कर्ष

तात्पर्य, काम निर्दोष व्हावे ही इच्छा फलाची इच्छा नव्हे. ती कर्माचाच श्वास आहे. फलाची इच्छा कर्त्याभोवती फिरते. ती झालेल्या श्रमांना कवटाळते, बाहेरची बाजू सजविते आणि देण्याच्या दिवसापलीकडे पाहत नाही. या दोहोंचा निवाडा सभेत किंवा ग्रंथात होत नाही. चुकलेली ओळ समोर असते, ती चुकली आहे हे एकाच व्यक्तीला ठाऊक असते, आणि जिवंत फास तिच्याच आकडीवर असतो. तेथे तो होतो. ती शांतपणे आकडी काढून घेते, धागा ओढते, आलेली लोकर पुन्हा गुंड्यावर गुंडाळते आणि पाचव्या ओळीवर येऊन खांब मोजू लागते. त्या वेळी तिने काहीही गमावलेले नसते.